स्टेअरिंग वळवलं की गाडी कुरकुरते? आधी हात लावून शोधा, मग गॅरेजला न्या

बडोद्याच्या कारेलीबागेतल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधून सकाळी साडेआठला कुणाची गाडी निघाली, हे मी वर चहा पिता पिता न बघता सांगू शकतो. जागा अरुंद, खांब मधोमध. प्रत्येकाला स्टेअरिंग पूर्ण मारावं लागतं आणि ते मारलं की प्रत्येक गाडी आपापल्या सुरात ओरडते. एक चूंचूं करते, एक जुन्या दारासारखी करकरते, एकीतून मध्येच 'टण्ण' असा आवाज येतो.

मकरपुऱ्याच्या कारखान्यात माझी नोकरी मेंटेनन्समध्ये गेली, त्यामुळे निवृत्त झाल्यावर या सगळ्या गाड्या एकेक करून माझ्यापुढे आल्या. गेल्या सहा-सात वर्षांत हीच एक तक्रार मी इतक्या वेळा शोधली आहे की आता पुन्हा पुन्हा तोंडी सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. निम्म्याहून जास्त गाड्यांना दोनशे रुपयेसुद्धा लागले नाहीत. उरलेल्यांपैकी दोन गाड्या मात्र मी हात न लावता सरळ टोइंगवाल्याच्या हवाली केल्या. ते का, तेही पुढे येईलच.

आणि हो, पहिला धडा मी स्वतःच्या खिशातून शिकलो. ३१ जुलै २०१९ ला बडोद्यात एका दिवसात जवळजवळ २० इंच पाऊस पडला, तेव्हा माझी गाडी दीड दिवस अर्ध्या चाकापर्यंत पाण्यात होती. इंजिन वाचलं. दोन महिन्यांनी वळताना करकर सुरू झाली. एका गॅरेजवाल्यानं गाडी वर उचललीसुद्धा नाही, नुसतं ऐकून "स्टेअरिंग रॅक गेली" म्हणाला. रॅक, म्हणजे स्टेअरिंग फिरवलं की चाकं वळवणारी दात्यांची पट्टी, बदलली. पैसे सांगत नाही, घरात अजून माहीत नाहीत. तिसऱ्या दिवशी सूरसागरच्या वळणावर तीच करकर, त्याच जागी. दोष होता शॉकअपच्या डोक्यावर बसणाऱ्या, तळहातात मावेल एवढ्या बेअरिंगचा.

आवाज कसा आणि कधी, हे आधी लिहून काढा

गाडीला हात लावण्याआधी दोन दिवस नुसतं ऐका आणि मोबाइलमध्ये टिपून ठेवा. गॅरेजमध्ये गेल्यावर गाडी हमखास गप्प बसते, तेव्हा ही टिपणंच कामी येतात.

गाडी उभी असताना नुसतं स्टेअरिंग फिरवलं तरी आवाज येतो का? येत असेल तर टायर, बेल्ट, स्टेअरिंगचा दांडा, बॉल जॉइंट (चाकाजवळचा गोळीसारखा फिरणारा सांधा) किंवा शॉकअपची बेअरिंग यांतलं काहीतरी आहे. चालत्या गाडीतच येत असेल आणि चाकाच्या वेगाबरोबर कमी-जास्त होत असेल, तर ब्रेक, चाकाची बेअरिंग किंवा ॲक्सलकडे, म्हणजे इंजिनची ताकद चाकाला पोचवणाऱ्या दांड्याकडे, बघायचं.

चूंचूं, उंदरासारखी बारीक: कोरडं रबर किंवा प्लास्टिक. शिट्टीसारखी किंचाळी, तीही स्टेअरिंग शेवटापर्यंत नेल्यावरच: बेल्ट. करकर आणि मध्येच स्प्रिंग सुटल्यासारखा टण्ण: शॉकअपची वरची बेअरिंग. कट-कट-कट, चाकाच्या तालात: ॲक्सलचा जॉइंट. घूंऽऽ असा विमानासारखा, वळणावर वाढणारा: चाकाची बेअरिंग. धातूवर धातू घासल्याची खरखर: ब्रेकची डिस्क.

शिवाय हेही टिपा: फक्त डावीकडे वळताना येतो की दोन्हीकडे? सकाळी गार असताना जास्त की दुपारी? पावसात थांबतो का? पाऊस पडला की आवाज जातो आणि ऊन पडलं की परत येतो, असं असेल तर बहुतेक वेळा बाहेरचं एखादं रबर कोरडं पडलेलं असतं, पाणी त्याला तात्पुरतं वंगण मिळवून देतं.

एवढं लिहून झालं तरी आवाजाच्या दिशेवर फार विश्वास ठेवू नका. पुढची चाकं, शॉकअप, रॅक हे सगळं एकाच लोखंडी सांगाड्याला बांधलेलं असतं आणि लोखंडातून आवाज पळतो. उजवीकडची कुरकुर ड्रायव्हरला डाव्या पायाशी ऐकू येऊ शकते. हाताला लागणारी थरथर मात्र जिथून निघते तिथेच सगळ्यात जोरदार असते. म्हणून शेवटी शोध हातानं लागतो, कानानं नाही.

ज्याला पैसे लागत नाहीत ते आधी

जागा बदला. मॉलच्या तळघरात रंगवलेल्या गुळगुळीत जमिनीवर चांगल्यातली चांगली गाडी वळताना टायर चीं-चीं करते. वळताना आतलं चाक लहान गोलात जातं, बाहेरचं मोठ्या गोलात, स्टेअरिंग शेवटापर्यंत मारलं की दोन्ही टायर थोडे घसटतातच. गुळगुळीत फरशीवर ते घसटणं ऐकू येतं. डांबरी रस्त्यावर किंवा मातीच्या मैदानात तोच प्रकार करून बघा. आवाज गेला तर घरी जा, गाडीला काही झालेलं नाही. आमच्याच सोसायटीत पार्किंगला नवा रंग दिला तेव्हा एका आठवड्यात चार जण माझ्याकडे आले होते.

हवा बघा. टायर थंड असताना, म्हणजे पंपावर जायच्या आधी फार तर एक-दोन किलोमीटर चालवलेली असताना. लहान हॅचबॅकना साधारण ३० ते ३३ पीएसआय लागते, नेमका आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. हवा कमी असली की टायरच्या कडा जमिनीला जास्त घासतात, स्टेअरिंग जड होतं आणि पुढच्या प्रत्येक जोडावर ताण येतो. म्हणजे हवा नुसती आवाज करत नाही, इतरांकडूनही आवाज काढून घेते. हे तपासल्याशिवाय पुढे गेलात तर पुढचे सगळे निष्कर्ष चुकू शकतात.

मग स्टेअरिंग पूर्ण एका बाजूला मारून गाडी बंद करा आणि चाकाच्या कमानीत टॉर्च मारा. आत काळ्या प्लास्टिकचं अस्तर असतं. त्याची एखादी क्लिप तुटली की ते खाली लोंबतं आणि टायरला घासतं, पण फक्त स्टेअरिंग पूर्ण मारल्यावर. टायर जिथे घासतो तिथे प्लास्टिक चकचकीत झालेलं दिसतं, बोट फिरवलं की कळतं. क्लिप पाच-दहा रुपयांना मिळते. मडफ्लॅप वाकडा लागला असेल तरी हेच. मूळ मापापेक्षा रुंद टायर हौसेनं बसवले असतील तर मात्र क्लिप बिचारी काय करणार.

चाकाचे नट एकदा आवळून घ्या. बहुतेक लहान गाड्यांना ८५ ते ११० न्यूटन-मीटर एवढा आवळ लागतो. नट सैल असला तर वळताना चाक हबवर किंचित सरकतं आणि कचकच येते. प्लास्टिकचे व्हील कव्हरही असाच आवाज करतात, चारही काढून एक दिवस चालवून बघा. हे फुकटात होतं आणि यातूनच दोन गाड्या सुटल्या आहेत. नट मात्र गंमत म्हणून सोडू नका. सैल नट सापडला तर तो आवळून दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासा. पुन्हा सैल झालेला सापडला तर आटे गेलेत, त्या चाकावर गाडी चालवायची नाही.

इंजिन बंद करा, निम्मा गुंता सुटतो

ही तपासणी एवढी साधी आहे की कुणी करतच नाही. चावी फिरवून स्टेअरिंगचं लॉक काढा, पण इंजिन सुरू करू नका. आता स्टेअरिंग जोर लावून थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे फिरवा. जड जाईल, पाव फेरा पुरे.

आवाज गेला? मग तो इंजिनवर चालणाऱ्या कशातून तरी येत होता, म्हणजे बेल्ट किंवा जुन्या गाडीत पॉवर स्टेअरिंगचा पंप. आवाज तसाच आहे? मग बेल्ट-पंप सुटले, दोष दांड्यात, जोडांत किंवा शॉकअपच्या माथ्यावर आहे.

बेल्टचं आधी. हल्लीच्या बहुतेक लहान गाड्यांत स्टेअरिंगला तेल नसतं, विजेची मोटर मदत करते. लोकांना वाटतं, मग बेल्टचा काय संबंध? संबंध असा, की उभ्या गाडीत स्टेअरिंग मारलं की ती मोटर एकदम करंट खेचते. रात्री भिंतीकडे तोंड करून बघा, हेडलाइट क्षणभर मंदावतात. तेवढा भार अल्टरनेटरवर, म्हणजे बेल्टवर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्रावर, येतो आणि ढिला किंवा काचेसारखा गुळगुळीत झालेला बेल्ट पुलीवर घसरून शिट्टी मारतो. इंजिन चालू असताना बेल्टच्या दात्यांच्या बाजूवर लांबूनच पाण्याचा बारीक फवारा मारा. शिट्टी थांबून थोड्या वेळानं परत आली तर पुल्या एका रेषेत नाहीत किंवा बेल्ट झिजलाय. पाण्यानं उलट वाढली तर ताण कमी आहे. ओढणी, पदर, सैल बाही, गळ्यातली साखळी, यातलं काहीही घालून बॉनेटमध्ये वाकू नका. चालत्या बेल्टला बोट कळत नाही.

जुनी तेलाची गाडी असेल तर पॉवर स्टेअरिंगच्या डबीतली पातळी बघा. किमान खुणेच्या खाली असेल तर झाकणावर किंवा पुस्तिकेत लिहिलेलंच तेल घाला. ब्रेक ऑइल घालू नका, त्यानं आतली रबरी सील फुगून वाया जातात. आठवड्यात पातळी पुन्हा उतरली तर गळती आहे, मग तेल ओतत बसण्यात अर्थ नाही. आणि कुठल्याही गाडीत स्टेअरिंग शेवटाला नेऊन पाच सेकंदांच्या वर दाबून धरू नका. तेलाच्या पंपाला त्यात सगळ्यात जास्त त्रास होतो आणि तो ओरडून सांगतोही.

इंजिन बंद असतानाही चूंचूं पायाशी, ब्रेकच्या पेडलच्या आसपास ऐकू येत असेल, तर खाली वाकून बघा. स्टेअरिंगचा दांडा इंजिनच्या बाजूला जिथे शिरतो तिथे रबराचा गोल बूट असतो. आपल्याकडच्या धुळीनं आणि मे महिन्यातल्या भट्टीनं तो कोरडा पडतो, दांडा त्यात फिरला की चूंचूं. जुन्या वाड्यांतल्या झोपाळ्याच्या कड्या आठवतात? गुजराती शेजारी ज्याला 'किचूड किचूड' म्हणतात, तोच हा आवाज. त्या कड्यांना आपण खोबरेल लावायचो, इथे मात्र सिलिकॉन ग्रीस. साध्या खनिज तेलानं रबर फुगतं आणि सैल पडतं. बोटभर ग्रीस बुटाच्या ओठाला लावायचं, स्टेअरिंग दहा वेळा फिरवायचं, झालं. माझ्या बहिणीच्या गाडीचा वर्षभराचा आवाज असा दहा मिनिटांत गेला आणि तिच्या घरून येताना लीलो चेवडो, म्हणजे ओलसर चिवड्याचं पाकीट मिळालं.

आवाज जर थेट स्टेअरिंगच्या चाकामागून, कागद खरडल्यासारखा येत असेल तर तिथे स्क्रू ड्रायव्हर घालू नका. तिथे एअरबॅग आहे आणि तिच्या तारेची गुंडाळी आहे. सोबत हॉर्न मधूनच वाजेनासा होत असेल किंवा एअरबॅगचा लाल दिवा लागला असेल तर ती गुंडाळीच गेली आहे. हे काम घरचं नाही.

ब्रेकचा एक छोटा लबाडपणा

डिस्कच्या मागे पातळ पत्र्याची ताटली असते, धूळ अडवायला. तिच्यात आणि डिस्कमध्ये बारका खडा अडकला की चाक फिरेल तशी किंचाळी येते, वळताना बदलते आणि ऐकणाऱ्याचं काळीज हलतं. गाडी हळूच दोन-तीन मीटर मागे घ्या, कित्येकदा खडा पडतो. पत्रा डिस्कला टेकला असेल तर तो चपट्या स्क्रू ड्रायव्हरनं दोन-तीन मिलिमीटर मागे वाकवायचा.

ब्रेकला हलका पाय लावल्यावर आवाज बदलला किंवा थांबला तर पॅड बघा. बऱ्याच पॅडना एक छोटी लोखंडी जीभ असते. पॅड झिजलं की ती डिस्कला मुद्दाम घासते, तुम्हाला कळावं म्हणून. ३ मिलिमीटरच्या आसपास आलेलं पॅड बदलायचंच. पावसात रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी पहिल्या तीन-चार ब्रेकना खरखरते, तो वरवरचा गंज, त्याकडे लक्ष देऊ नका.

आता खरा शोध: दोन माणसं, एक हात

इथपर्यंत आवाज सापडला नसेल तर आमच्या बडोद्यात तरी माझा पहिला संशय शॉकअपच्या वरच्या बेअरिंगवर असतो.

लहान गाड्यांच्या पुढच्या चाकाला मॅकफर्सन पद्धतीचा शॉकअप असतो. १९४० च्या दशकात मॅकफर्सन नावाच्या अमेरिकी इंजिनियरनं ही रचना बसवली आणि स्वस्त, सुटसुटीत म्हणून ती जगभर गेली. तिच्यात स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असतात आणि स्टेअरिंग वळवलं की अख्खी जोडी चाकाबरोबर गोल फिरते. वरचं टोक मात्र बॉडीला पक्कं. फिरणारं खाली आणि न फिरणारं वर, या दोघांच्या मध्ये एक बेअरिंग, तिच्यावर पुढच्या भागाचं त्या बाजूचं वजन. ती अडकली की स्प्रिंग फिरत नाही, पीळ खाते. पीळ साठत जातो, साठत जातो, आणि मग सुटतो: टण्ण. ही बेअरिंग चाकाच्या कमानीच्या छताला असते. गरनाळ्यातलं (रेल्वेखालच्या भुयारी रस्त्यातलं), पुराचं, गाळाचं पाणी नेमकं तिथे उडतं. पाणी ओसरतं, आत गेलेला बारीक गाळ राहतो, दोन-तीन महिन्यांनी ग्रीसचा चिखल होतो. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली, त्यानंतरच्या दिवाळीपर्यंत माझ्याकडे या एकाच दोषाच्या तीन गाड्या आल्या. तिन्ही समा-हरणीकडच्या.

तपासायचं कसं? समोरच्या ब्लॉकमधल्या वहिनींची गाडी घेऊन सांगतो. गाडी सपाट जागेवर, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना पुढून-मागून विटा. वहिनी आत बसल्या, इंजिन चालू. बॉनेट उघडलं की दोन्ही कोपऱ्यांत शॉकअपची डोकी दिसतात, काहींवर रबराची टोपी असते, ती काढली. मी उजव्या डोक्यावर तळहात सपाट ठेवला आणि म्हटलं, "वहिनी, अगदी सावकाश डावीकडे." हाताखाली काहीच नाही, नुसती इंजिनची थरथर. मग डाव्या डोक्यावर हात. "आता उजवीकडे, सावकाश." पाव फेऱ्यापर्यंत शांत, आणि मग तळव्याखाली वाळू दळल्यासारखी खरखर सुरू झाली. अजून थोडं फिरवलं तशी ती थांबली, एक क्षण गेला, आणि हाताला खालून कुणीतरी टिचकी मारल्यासारखा धक्का बसला. त्याच क्षणी टण्ण. वहिनी आतून म्हणाल्या, "अहो भाऊजी, हा आवाज तर मला उजव्या बाजूनं येत होता!" बेअरिंग डावीच होती.

दोन सूचना. हात बॉनेटच्या बाजूनंच लावायचा, चाकाच्या कमानीतून स्प्रिंगला हात घालू नका. फिरणारं टायर आणि स्प्रिंगची वेटोळी, दोन्ही बोटं धरतात. आणि आत बसणारा माणूस तुमचं ऐकणारा हवा. माझ्या भाच्यानं एकदा मी "थांब" म्हटल्यावरही फोन बघत स्टेअरिंग फिरवतच ठेवलं, तेव्हापासून मी त्याला बसवत नाही.

आणखी एक खूण चालवताना कळते. काळा घोडा सर्कलसारख्या गोलाला वळसा घालून बाहेर पडलात की स्टेअरिंग आपसूक सरळ व्हायला हवं. ते वाटेत अडकलं, हातानं सरळ करावं लागलं, तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट अडतोय.

सापडली बेअरिंग, मग बदलायची कुणी? तुम्ही नाही, आणि मीही नाही. ती काढायला दाबलेली स्प्रिंग सोडावी लागते. त्या स्प्रिंगमध्ये शेकडो किलोंचा जोर कोंडलेला असतो, स्प्रिंग दाबून धरणाऱ्या खास कॉम्प्रेसरशिवाय नट सोडला तर ती माणसाचा जबडा मोडू शकते. मी आयुष्यभर यंत्रं उघडली, हा एक नट घरी उघडत नाही. गॅरेजला सांगताना नेमकं सांगा: "डाव्या बाजूची स्ट्रट बेअरिंग जाम आहे, हातानं तपासलंय." इथले कारीगर शॉकअपला जम्पर म्हणतात, तेव्हा "डाबी बाजूनुं जम्परनुं बेरिंग" म्हटलंत तर लगेच समजेल. दोन्ही बाजूंच्या बेअरिंग एकदमच बदला. भाग स्वस्त असतो, मजुरीच जास्त, आणि एक बाजू गाळात गेली तर दुसरीही त्याच पाण्यात उभी होती. नंतर अलाइनमेंट करून घ्या आणि जुना भाग मागून घ्या. हातात घेऊन फिरवून बघा. अडत, खरखरत फिरला तर निदान बरोबर होतं.

बॉल जॉइंट आणि टाय रॉड

वर हात ठेवून काही लागलं नाही तर आवाज खालचा आहे. गाडीखाली शिरायच्या आधी: नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही, कितीही थोडा वेळ, जायचं नाही. खाली लोखंडी स्टँड लावलेला हवा. स्टँड नसेल तर हा परिच्छेद वाचून सोडून द्या.

पुढचं चाक अधांतरी असताना ते घड्याळातल्या १२ आणि ६ वर धरून हलवा. खडखड जाणवली तर बॉल जॉइंट किंवा चाकाची बेअरिंग सैल आहे. मग ३ आणि ९ वर धरून हलवा. तिथे खेळ, म्हणजे ढिलेपणा, असेल तर बहुतेक टाय रॉडचं, म्हणजे रॅकपासून चाकापर्यंत जाणाऱ्या दांड्याचं, टोक. कोरडा जॉइंट कुरकुरतो, सैल झालेला खडखडतो. कुरकुरणारा गॅरेजपर्यंत हळू नेता येतो. सैल झालेल्याला नेऊ नका. बॉल जॉइंट सुटला तर चाक बाहेर आडवं पडतं आणि स्टेअरिंग हातात नुसतं शोभेला राहतं. ज्या दोन गाड्या मी टोइंगवाल्याकडे दिल्या त्या याच. त्यांतल्या एकीचे मालक तिच्यातून दुसऱ्या दिवशी पावागढला निघणार होते.

जॉइंटच्या रबरी बुटात इंजेक्शनच्या सुईनं ग्रीस टोचायची युक्ती तुम्हाला कुणीतरी सांगेलच. मी केली आहे. आवाज दोन महिने गेला, मग सुईच्या भोकातून पाणी शिरलं आणि जॉइंट कायमचा गेला. दोष हाच जॉइंट आहे का, हे ठरवायला ती युक्ती चालेल, उपाय म्हणून नाही. तीच गोष्ट डब्ल्यूडी-४० ची. नावातच अर्थ आहे, पाणी हटवण्यासाठीचा तो चाळिसावा प्रयोग होता, १९५३ सालचा. गंजलेला नट सोडवायला उत्तम. जोडावर मारलात तर आवाज तासाभरात जातो, पण त्याच्या पातळपणानं आत राहिलेलं ग्रीसही धुऊन नेतो.

स्टॅबिलायझरच्या (वळणात गाडी कलू नये म्हणून असलेल्या दांड्याच्या) रबरी बुशचा आवाज वळताना कमी आणि स्पीड ब्रेकरवर जास्त येतो. तो त्रासदायक असतो, धोकादायक क्वचितच. बुश बदलायला वेळ लागत नाही.

कुरकुर नव्हे, पण लोक कुरकुर म्हणून आणतात

कट-कट-कट असेल तर रविवारी सकाळी नवलखीच्या रिकाम्या मैदानात जा आणि हळू वेगात इंग्रजी आठचा आकडा काढा, वळताना थोडा ॲक्सिलरेटर द्या. डाव्या वळणाला वाढला तर बहुतेक उजवा ॲक्सल जॉइंट, उजव्या वळणाला वाढला तर डावा, कारण वळणात भार बाहेरच्या चाकावर जातो. चाकाच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं दिसलं तर बूट फाटलाय. आवाज सुरू व्हायच्या आधी सापडला तर नुसता बूट आणि नवं ग्रीस पुरतं. कट-कट सुरू झाल्यावर जॉइंट, कधी अख्खा ॲक्सल.

घूंऽऽ आवाजाच्या चाकाच्या बेअरिंगलाही तोच नियम. ती घरी बदलायची गोष्ट नाही, दाबून बसवायचं प्रेस मशीन लागतं.

गाडी तिथेच उभी करून फोन करायचा कधी

चाकात खेळ सापडला. स्टेअरिंग अचानक जड झालं किंवा मधेच हलकं पडलं. स्टेअरिंगचा किंवा एअरबॅगचा दिवा लागला. आवाजाबरोबर गाडी एका बाजूला ओढायला लागली. ब्रेक दाबल्यावर धातू घासतो आणि पेडल खोल जातं. चाक सोडून बघितल्यावर स्प्रिंगचं वेटोळं तुटलेलं दिसलं. यातलं एकही असेल तर "गॅरेज जवळच आहे, हळूहळू नेतो" हा विचार करू नका. टोइंगचे पैसे जातील, जाऊ द्या.

कुठलाच धोक्याचा प्रकार नाही, पण तीन शनिवार घालवूनही आवाज सापडत नाही, असंही होतं. तेव्हा गॅरेजला न्या, पण गाडी ठेवून येऊ नका. टिपणं दाखवा, कारीगराला शेजारी बसवून तोच वळसा घाला, आणि लिफ्टवर गाडी वर गेली की त्याच्या बाजूला उभे राहून विचारा, "हात लावून कुठे थरथर लागते?" जो न तपासता भाग बदलायचा म्हणेल, त्याच्याकडून चावी परत घ्या.

पावसाळ्यात अलकापुरीच्या गरनाळ्यातून किंवा साचलेल्या पाण्यातून गाडी काढली असेल, तर दुसऱ्या दिवशी चाकांच्या कमानी आतून साध्या नळीच्या पाण्यानं धुऊन काढा. गाळ ओला आहे तोवर निघतो, वाळला की बसतो. जोरदार फवाऱ्याचं मशीन रबरी बुटांवर मारू नका, ते पाणी बाहेर काढण्याऐवजी आत ढकलतं. वॉशिंगवाल्या पोऱ्याला हे सांगितलं तर तो मान डोलवतो आणि तेच करतो, म्हणून मी ते काम घरीच, बादली आणि नळी घेऊन करतो.